तीन दिवसांत हरकत न आल्यास

आमच्या मुख्याध्यापकांना शाळेत सगळे मेलराव म्हणायचे. तोंडावर अर्थातच ‘सर’. मी त्यांच्या ऑफिसातली हेडक्लार्क, सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत, आणि हे नाव मीच पाडलं होतं हे आता सांगायला काही हरकत नाही.

हा माणूस आला तोच कागदाशी वैर धरून. पहिल्या आठवड्यात नोटीस बोर्ड उतरवला, आवक-जावकच्या वह्या माळ्यावर टाकायला लावल्या, आणि शिक्षकांच्या खोलीत एकच कागद चिकटवला. शाळेतला शेवटचा कागद म्हणे! त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘जे मेलवर नाही, ते घडलेलं नाही.’ झालं. त्या दिवसापासून खडू संपल्याचा मेल, खडू मिळाल्याचा मेल, आणि खडू मिळाल्याचा मेल मिळाल्याचा मेल. शिक्षक बिचारे शिकवायचं सोडून फोनमध्ये तोंड घालून बसायला लागले.

सरांच्या प्रत्येक सूचनेला एक ठरलेलं शेपूट असायचं : ‘तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास वरील मजकूर मान्य समजण्यात येईल.’ या शेपटावर त्यांनी मधली सुट्टी दहा मिनिटांनी कापली, महिन्याचे दोन शनिवार गिळले, आणि ढेकरही दिला नाही. चौथ्या दिवशी कुणी तोंड उघडलंच तर म्हणायचे, “हरकत कुठंय? मेल दाखवा.”

आणि तोरा कशाचा, तर स्वतः दहा मिनिटांत उत्तर देतात याचा. दर महिन्याला मी ‘प्रतिसाद-वेळ अहवाल’ बनवायचा, तो संस्थेच्या बैठकीत पडद्यावर दाखवायचा, आणि सगळ्यांनी माना डोलवायच्या. त्यामागचं इंगित मला योगायोगानंच कळलं. एकदा मी हजेरीचा तक्ता म्हणून भलतीच फाईल पाठवली. माझ्या स्वेटरच्या विणीची. दोन सुलट, एक उलट, बगलेपाशी आठ टाके कमी. चार मिनिटांत उत्तर आलं : ‘मजकुराशी सहमत. आभार.’ म्हटलं, अरे वा, बगलेशीसुद्धा सहमत! मग लक्षात आलं, त्यांनी फोनवर तीन तयार उत्तरं करून ठेवली होती आणि मेल न वाचता बोट दाबत होते. मी आठवडाभर हसत होते. कुणाला बोलले मात्र नाही. ऑफिसात बसणाऱ्या बाईनं सगळंच बोलून टाकायचं नसतं.

आता धाकटीबद्दल सांगते. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमच्याच शाळेत लॅब असिस्टंट. माझ्या वशिल्यानं नाही हं, स्वतःच्या हिमतीवर लागलेली. बोलायला कमी, कामाला वाघ. तिच्या लॅबमधल्या काचेच्या नळ्या लग्नातल्या भांड्यांसारख्या चकचकीत असायच्या.

एका मंगळवारी तिला तिसऱ्या टेबलामागच्या पाइपजवळ गॅसचा वास आला. टेबलावरचा नळ तिनं बंद केला, पण वास जाईना. मुख्य चावी कुलपाच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली मेलरावांच्या खिशात. ती धावत गेली. ते व्हरांड्यातून कुठंतरी निघाले होते. तिनं सांगितलं, “सर, गॅस गळतोय, मेन बंद करायला हवा.” ते थांबलेसुद्धा नाहीत. चालता चालता म्हणाले, “मेल टाका, बघतो. आणि प्रॅक्टिकल थांबवू नका, परीक्षा जवळ आलीय.” आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ऐकलं ते फक्त त्या दोघांनी.

धाकटी तशीच माझ्याकडे आली. तिला टायपिंगची धास्ती, त्यात सरांना जाणारा मेल. म्हणाली, “ताई, तू लिही ना दोन ओळी माझ्या वतीनं.” मी त्या वेळी काय करत होते? मेलरावांचा प्रतिसाद-वेळ अहवाल! संध्याकाळी द्यायचा होता. मी तिच्यावर खेकसले, “दिसत नाही का कामात आहे? उद्या टाकते.” ती बरं म्हणाली आणि गेली. बुधवारी मी विसरले. विसरले म्हणजे विसरलेच, त्याला कुठलीही सबब नाही.

गुरुवारी, दुसऱ्या तासाला, शेजारच्या टेबलावर नववीच्या मुलींनी बर्नर पेटवला आणि पाइपजवळ भडका उडाला. धाकटीनं दोन मुलींना मागं ढकललं आणि डावा हात मध्ये घातला. मुलींना ओरखडाही नाही. हिचा हात कोपरापर्यंत भाजला.

तिला दवाखान्यात नेलं तेव्हा मी तिच्याबरोबर जायला निघाले होते. पर्स खांद्याला लावली होती. तेवढ्यात मेलरावांनी केबिनमधून हाक मारली, “मॅडम, आधी पालकांना मेल. दहा मिनिटांत गेला पाहिजे.” मी बसले. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. ‘आज प्रयोगशाळेत संबंधित कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किरकोळ घटना घडली. शाळेकडे यापूर्वी कोणतीही तक्रार आलेली नव्हती. सर्व विद्यार्थी सुखरूप आहेत.’ डोळ्यांपुढं धाकटीची जळकी बाही होती. ते म्हणाले पाठवा, मी पाठवलं. अकराशे चाळीस पालकांना. शाळेत लॅब असिस्टंट एकच. संबंधित कर्मचारी कोण हे शोधायला कुणाला शेजारी जाऊन विचारायचीही गरज नव्हती.

केबिनबाहेर आले तेव्हा मला अर्थ लागला. तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या बहिणीच्या कपाळावर मी स्वतःच्या हातानं शिक्का मारला होता.

चार दिवसांनी धाकटीला निलंबनाचा मेल आला. चौकशी तीन आठवड्यांनी. निष्काळजी असा शेरा एकदा लागला की दुसरी कुठलीही शाळा दारात उभं करत नाही, हे मला सव्वीस वर्षांत पाठ झालेलं. किराणा दुकानात एका बाईनं तिला विचारलं, “त्या तुम्हीच ना हो, गॅसवाल्या?” त्या दिवसापासून तिनं बाहेर जाणं सोडलं. खुलाशात तिनं काय लिहिलं ठाऊक आहे? ‘मी सरांना तोंडी सांगितले होते. मेल करायचा माझ्याकडून राहून गेला.’ माझ्याकडून! माझं नाव नाही, गाव नाही. मी तो खुलासा ऑफिसात वाचला, तिच्या फाईलला लावला, आणि गप्प बसले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी गप्प बसले, हे मी लपवत नाही.

पण त्या माणसाला सोडायचं नाही, हे मात्र पक्कं केलं. रोज संध्याकाळी मी धाकटीच्या घरी जायची. दोन गल्ल्या सोडून तर राहते. मी बोलायची, ती ऐकायची. “आज त्यानं काय केलं माहितीय का? आज तो असं म्हणाला. बघ तू, त्याला रडवला नाही तर नावाची नाही मी.” चहा निवून जायचा पण माझी टकळी थांबायची नाही. ती मधेच म्हणायची, “ताई, जाऊ दे गं.” मी म्हणायची, “जाऊ दे? साप म्हणू नये धाकला! त्याला त्याच्याच नियमानं ठेचते.”

आणि विचार करता करता मला माझा स्वेटर आठवला.

संस्थेची मासिक बैठक शनिवारी अकराला असते. अध्यक्षाबाई स्वतः येतात. सत्तरीच्या, निवृत्त डॉक्टर, कमी बोलणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. बैठकीत मेलराव त्यांच्या शेजारी बसून मुद्दाम फोन टेबलावर ठेवतात. मी त्या शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी मेलरावांना एक मेल पाठवला. विषय : ‘प्रयोगशाळेतील नोंदी’. पहिले चार मुद्दे काचेच्या भांड्यांचे. किती फुटली, किती उरली, किती मागवायची. झोप येईल असे. पाचवा मुद्दा असा : ‘अपघातापूर्वी मंगळवारी प्रयोगशाळा सहाय्यक यांनी गॅसगळतीबाबत आपणांस समक्ष सांगितले. त्यावर आपण “मेल टाका, बघतो, प्रॅक्टिकल थांबवू नका” असे म्हणालात व मुख्य चावी बंद केली नाही.’ आणि सहावा मुद्दा त्यांचंच शेपूट : ‘तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास वरील मजकूर मान्य समजण्यात येईल.’

एकही शब्द खोटा नव्हता. फक्त मेल टाकायचा कुणी होता, ते मी लिहिलं नाही. लबाडी म्हणा हवं तर. त्या वेळी मला ती हुशारी वाटली.

पाठवलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. अकरा चोवीसला उत्तर. ‘मजकुराशी सहमत. आभार.’ अहाहा! इतकं गोड मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं. उठून ऑफिसभर एक फेरी मारली, खिडकी उघडली, परत लावली. बसवेना. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. हरकत नाही. गुरुवारी मेलराव माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “काय मॅडम, आज खुशीत?” मी म्हटलं, “आपली कृपा, सर.”

चौकशी त्यांच्या लाडक्या डिजिटल रूममध्ये होती. भिंतभर पडदा, गुबगुबीत खुर्च्या. अध्यक्षाबाई मध्ये, मेलराव उजवीकडे, धाकटी समोर, हात गळ्यात अडकवलेला. मी बाजूच्या टेबलावर, इतिवृत्त टाइप करायला.

मेलरावांनी सुरुवातच झोकात केली. “मॅडम, आमच्याकडे सगळं पारदर्शक आहे. या बाईंचा एकही मेल नाही. तोंडी तर यांनी मला अवाक्षर सांगितलं नाही. आता सांगितलं होतं म्हणतात. चोराच्या उलट्या बोंबा!” धाकटी मान खाली घालून बसली होती. चोर म्हणाला तिला. माझ्यासमोर.

अध्यक्षाबाईंनी विचारलं, “या विषयावर मेलवर काहीच नाही?”

“एक आहे, मॅडम,” मी म्हटलं. “पडद्यावर लावू?”

लावला. भिंतभर. पाचवा मुद्दा अध्यक्षाबाईंनी मोठ्यानं वाचला. मग त्याखालचं उत्तर, ‘मजकुराशी सहमत. आभार.’ मेलरावांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. कानापासून उतरत गेला रंग.

“हे... हे मी पाठवलेलं नाही! माझा फोन कुणीतरी...”

“शनिवारी, अकरा चोवीस,” अध्यक्षाबाई म्हणाल्या. “मी तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही फोन मला दाखवलात. म्हणालात, बघा मॅडम, चार मिनिटांत उत्तर.”

“म्हणजे, मी तो वाचला नव्हता!”

“न वाचता सहमत झालात?”

“नाही, म्हणजे... तयार उत्तर असतं ते. सगळ्यांनाच जातं.”

“सगळ्यांनाच,” अध्यक्षाबाईंनी चष्मा काढला. “मग आम्ही वर्षभर कशाला माना डोलवत होतो?”

मेलराव इथं थांबले असते तर सुंठीवाचून खोकला गेला असता. पण खड्ड्यात पडलेला माणूस हात मारतोच. मेलराव उसळून धाकटीकडे वळले. “ठीक आहे, सांगितलं असेल! पण मी मेल टाका म्हटलं होतं ना? का नाही टाकलात? दोन दिवस काय करत होतात? मेल आला असता तर मी तेव्हाच मेन बंद केला असता!”

अध्यक्षाबाईंनीही तिच्याकडे पाहिलं. “हो, हे मात्र सांगावं लागेल. का नाही टाकला?”

धाकटीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून. हळूच म्हणाली, “राहून गेलं, मॅडम. चूक झाली.”

अध्यक्षाबाईंनी सुस्कारा सोडला. “मग दोष दोन्हीकडे येतो. मला तसंच लिहावं लागेल.”

मला दिसलं. मेलराव सावरून बसले. दोन्हीकडे म्हणजे काय, त्यांना समज आणि हिला घर. तेवढ्यावर त्यांची सुटका होणार, आणि ती सुटका माझ्या गप्प बसण्यावर होणार. माझं चौदा महिन्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर, आणि पलीकडे तो कोडगा चेहरा. एवढा संताप आला मला, त्याचा, माझा, सगळ्यांचाच.

“मेल मी लिहायचा होता,” मी म्हटलं. “तिनं त्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी उद्या टाकते म्हटलं आणि विसरले. तिनं सरांना सांगितलं, मला सांगितलं. तिच्याकडून काहीही राहिलेलं नाही.”

“ताई!” धाकटी ओरडली.

“गप बस तू.”

अध्यक्षाबाई चष्मा परत चढवून त्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिल्या. “हे तुम्ही तीन आठवडे बोलला नाहीत.”

“नाही बोलले.”

“कारवाई तुमच्यावरही होईल.”

“होऊ दे, मॅडम. इतिवृत्तात घेतलंय मी, हे बघा, टाइप केलंय. पण पालकांना जो मेल गेला तो त्याच यादीला दुरुस्त होऊन गेला पाहिजे. आत्ता. सरांच्या तोंडून.”

अध्यक्षाबाईंनी मेलरावांकडे बोट केलं. “सांगा त्यांना मजकूर.”

काय सांगू तुम्हाला! तो माणूस उभा, मी बसलेली, समोर भिंतभर पडदा, आणि एकेक अक्षर त्यावर उमटतंय. ‘प्रयोगशाळा सहाय्यक यांनी गळतीची सूचना मला वेळेवर दिली होती.’ मी म्हटलं, “सर, जरा मोठ्यानं. कुणाला दिली होती?” त्यांनी दात ओठ खात पुन्हा सांगितलं, “मला.” ‘त्यांचा कोणताही निष्काळजीपणा नव्हता. त्यांनी दोन विद्यार्थिनींना वाचवले. मी दुर्लक्ष केले.’ मी म्हटलं, “दुर्लक्ष केले, की गंभीर दुर्लक्ष केले, सर?” अध्यक्षाबाई म्हणाल्या, “गंभीर.” मग सरांना जरा हुरूप आला आणि म्हणाले, “लिहा, हेडक्लार्क यांनीही तक्रार नोंदवण्यात कसूर केली.” मी तेही टाइप केलं, एकही चूक न करता, आणि पाठवलं. अकराशे चाळीस.

महिन्याभरात मेलराव गेले. मलाही चौदा महिने आधी घरी बसवलं. धाकटीचं निलंबन त्याच दिवशी उठलं. मला विचाराल तर सौदा वाईट नव्हता. त्यांची खोकी गाडीत चढताना मी फाटकाबाहेर उभी राहून पाहिलं, अगदी शेवटचं खोकं चढेपर्यंत. मला आनंद झाला. अजूनही होतो. मी काही संत नाही.

पण चौकशीच्या त्याच संध्याकाळी मी धाकटीकडे गेले होते, ते सांगायचं राहिलं. फुगून गेले होते. दारातूनच सुरू, “पाहिलंस ना त्याचं तोंड? आणि ते गंभीर दुर्लक्ष म्हणताना कसा...” ती टेबलाशी बसली होती. मी दहा मिनिटं बोलले असेन. मग ती म्हणाली, “ताई, एक विचारू?”

“विचार की.”

“तीन आठवडे तू रोज येतेस. त्यानं काय खाल्लं, काय घातलं, कुठं शिंकला, सगळं मला पाठ झालं. एकदा तरी विचारलंस, हात कसा आहे?”

मी आठवून पाहिलं. कुठलाच दिवस सापडेना.

“आणि तिथं सगळ्यांसमोर सांगितलंस, मी विसरले म्हणून,” ती म्हणाली. “अध्यक्षाबाईंना सांगितलंस, त्याला सांगितलंस, अकराशे पालकांना सांगितलंस. मला नाही सांगितलंस.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही.

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. म्हटलं, “चुकलं गं माझं. दाखव हात.”

तिनं हात गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि एकेक वेढा सोडवत पट्टी काढली. कातडी गुलाबी, ताणलेली, मनगटापाशी सुरकुतलेली. मी पहिल्यांदाच बघत होते. तिनं मूठ मिटून दाखवली. तीन बोटं मिटली. शेवटची दोन तशीच सरळ राहिली.

“ही आता वाकणार नाहीत म्हणाले डॉक्टर,” ती म्हणाली.